बैल अडतो तेव्हा



गळीत हंगाम आला की आपल्या बैठकीत तोडीचा कार्यक्रम, टनेज, उतारा, पहिला हप्ता हे विषय निघतात. बैलाचा विषय कोणी काढीत नाही. ट्रॅक्टर पुष्कळ वाढले, तरी अजून बऱ्याच भागांत ऊस टायरगाडीनेच फडातून बाहेर पडतो. ती गाडी ओढणाऱ्या जनावराशी आपण बोलतो कसे, याचा थोडा विचार व्हावा असे मला वाटते. ‘बोलतो’ हा शब्द मी मुद्दामच वापरला आहे.

खोंड कामाला लावायचा म्हणजे दोघे कासऱ्याला आणि एक जण काठी घेऊन मागे, अशी समजूत आहे. “दोन दणके बसू द्या, सुतासारखा सरळ येतोय!” येतो, नाही असे नाही. पण शिकतो काय? माणूस मागे आला की मार बसतो, एवढेच. गुरांचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. त्यांना जवळजवळ चौफेर दिसते, फक्त नेमके पाठीमागचे दिसत नाही, आणि आपण फटका तिथूनच हाणतो. मग तो बुजरा होतो, लाथ झाडतो आणि आपण गावभर सांगतो की खोंड खोडीचा निघाला.

जाणती माणसे घाई करीत नाहीत. आधी दावणीला हात फिरवायचा, गळ्याखालची पोळी खाजवायची, खांद्यावर हात टेकून सवय लावायची. मग नुसते जू. मग मुरलेल्या, शांत बैलाच्या जोडीला रिकामी गाडी, तीही थोडाच वेळ. कासरा ओढला, खोंडाने मान वळवली, की त्याच क्षणी कासरा सैल सोडायचा. निम्मे शिक्षण इथेच आले. तुम्ही सांगितले, त्याने केले, आणि तुम्हाला ते पोचले हे त्याला कळले. वळल्यावरही कासरा ताणलेलाच राहिला तर त्याने पुन्हा वळावे कशाला? थांबायची हाकही एकच हवी. गडी बदलला की हाक बदलली, तर जनावराने समजायचे काय? पाणी पाजताना आपण शीळ घालतो, तिचा अर्थ त्याला बरोबर कळतो. बाकीचेही कळेल.

आता त्याचे बोलणे. कान मागे पाडणे, थबकून जमीन हुंगणे, जू दिसताच मान काढून घेणे, ही सगळी त्याची भाषा आहे. मान काढून घेणारा बैल आळशीच असेल असे नाही, खांदा सुजलेला असू शकतो. हात लावून बघा. टेंपल ग्रँडिन या अमेरिकन पशुशास्त्रज्ञ बाईंनी गुरे कुठे आणि का अडतात याचा उभा जन्म अभ्यास केला. पाण्याचे डबके चमकले, कुंपणावर कापड हलले, साखळी लोंबकळली, एवढ्यानेही गुरे थबकतात आणि ती वस्तू काढली की निमूट चालतात, असे त्या सांगतात. मग रात्री गाडीतळावर ट्रॅक्टरचे दिवे थेट तोंडावर पडत असताना बैल अडला, तर आर कोणाला टोचायची?

आरेवरून आठवले. ओझ्याच्या जनावरांसाठी 1965 साली केंद्राचे नियम झाले. टोकदार काठीला त्यात बंदी आहे. दिवसात 9 तासांपेक्षा जास्त आणि सलग 5 तासांपेक्षा जास्त काम घ्यायचे नाही, काम संपल्यावर जुंपून ठेवायचे नाही, हेही त्यात आहे. इतकी वर्षे झाली, पण किती जणांना माहीत आहे? बेंदराला, पोळ्याला आपण खांदे मळतो, शिंगे रंगवतो, पुरणपोळी चारतो. हंगामात तोच खांदा सोलतो.

गाडीवानाच्या माथी सगळा दोष मारून मात्र चालणार नाही. तो घरदार सोडून, उचल घेऊन आलेला माणूस. बैलजोडी हाच त्याचा संसार. हौसेने कोणी मारीत नाही. रान ओले, वाट नाही, गाडी वर ढीग भरलेली आणि चाक रुतलेले. बैल उभा राहतो, म्हणजे ‘एवढे निघत नाही’ असे तो साफ सांगतो. तेव्हा बांधावर उभे राहून “हाण, हाण, शेपूट पिरगाळ” म्हणणारे आपणच असतो! ऊस आपला, रान आपले.

तोडीची तारीख कळली की पाणी आधीच बंद करा. फडातून बाहेर निघायची वाट करून द्या, चर बुजवा. रुतलेल्या गाडीतल्या चार मोळ्या उतरवायला स्वतः हात लावा. आणि संचालक मंडळाला विनंती, की काट्यावर बैलगाड्यांची रांग ट्रॅक्टरपासून वेगळी ठेवावी, आणि गाडीतळावर बैल सोडून बांधता येतील एवढी सावलीची जागा व पाण्याचा हौद याच हंगामात करून द्यावा.

— एक ऊस उत्पादक सभासद