तारेचे बंधन

मोबाईलचा क्रमांक तोच ठेवून कंपनी बदलण्याची मुभा देशभरातील ग्राहकांस २० जानेवारी २०११ रोजी मिळाली. घरात येणाऱ्या ब्रॉडबँडला मात्र तो न्याय नाही. शहरात निदान निवड तरी असते. औंढा नागनाथ तालुक्यातील जवळा बाजारसारख्या गावी कंपनी बदलू पाहणाऱ्या गृहस्थाने काय करावे? जुन्या कंपनीस राउटर परत करावा, अनामतीसाठी खेटे घालावेत. नवीस आधार, छायाचित्र व आगाऊ पैसे द्यावेत. आणि मग ‘तुमच्या गल्लीत आमची तार नाही’ हे उत्तर ऐकावे! पैसे आधी, चौकशी मागाहून, असा हा उफराटा व्यवहार आहे. दूरसंचार नियामक प्राधिकरण वैयक्तिक तक्रारी सोडवीत नाही. सबब गाऱ्हाणे पुन्हा त्याच कंपनीच्या दारी न्यावयाचे.

ब्रिटनमध्ये १२ सप्टेंबर २०२४ पासून ग्राहकाने फक्त नव्या कंपनीस कळवावयाचे असते. जुनी सेवा बंद करण्याची तजवीज तीच करते. हे येथे अशक्य का असावे? २०११ साली मंजूर झालेल्या योजनेतून, जिला पुढे भारतनेट हे नाव मिळाले, ग्रामपंचायतींपर्यंत तार नेण्याचा खर्च सरकारी तिजोरीने उचलला. तेथून घरापर्यंतचा तुकडाच ग्राहकाच्या गळ्यातील दावे ठरावा काय? बदलाची जबाबदारी नव्या कंपनीवर टाकावी आणि जोडणीची खात्री होण्यापूर्वी पैसे घेण्यास बंदी घालावी, अशी आमची प्राधिकरणाकडे मागणी आहे.