आबांची सायकल

आमच्या भुसार दुकानाच्या मागील गोदामात, रिकाम्या पोत्यांच्या आड, आबांची हर्क्युलिस सायकल वीस-एक वर्षे भिंतीला टेकून उभी होती. १९४९ साली मद्रास येथे सुरू झालेल्या टी. आय. सायकल्सची ती गाडी. तिच्यावरून आबा अक्कलकोटच्या पंचक्रोशीत उधारी-वसुलीस जात. गेल्या वर्षी भंगारवाल्याने ती किलोच्या भावाने मागितली, तेव्हा तिला दुरुस्त करून रोज वापरावयाचे, असे मी ठरविले.

मिस्त्रीने आरंभीच विचारले, "शेटजी, शोभेला ठेवायची की चालवायची? चालवायची असेल तर रंगाचं शेवटी बघू." त्याचे म्हणणे रास्त होते. वरचा गंज बहुधा घासला की जातो. खरा रोग आत असतो. पायडलच्या दांड्यांच्या कॉटर पिना इतक्या गंजल्या होत्या की दोन दिवस तेल मुरवून ठोकाव्या लागल्या, आणि त्यांतील एक वाकलीच. हबमधील ग्रीस दगडासारखे घट्ट झाले होते. छरे बदलले, चेन रॉकेलमध्ये भिजवली. अशा सायकलीच्या पुढील चाकास ३२ तारा व मागील चाकास ४०, कारण स्वार आणि कॅरियरवरील ओझे यांचा भार मागेच अधिक. आमच्या मागील चाकाच्या सात तारा तुटल्या होत्या. तारा भरून चाकाचा आऊट काढण्यातच त्याची एक दुपार गेली. २८ इंची टायर व ब्रेकचे रबर मात्र आजही सहज मिळतात.

सीटपाशी घोडे अडले. भाच्याचा आग्रह असा, की कंपनीची मूळ होती तशी चामड्याचीच सीट हवी. तरच सायकल 'अस्सल'. त्यावर आई म्हणाली, "आबांनी सायकल घेतली त्याच आठवड्यात चामड्याची सीट काढून रेक्झिनची बसवली होती." वाद तेथेच मिटला.

सायकल रस्त्यावर आली आणि निराळीच अडचण उभी राहिली. बाजारात विचारणा होऊ लागली, "गाडी विकली काय?" आठवडाभरातच बाहेरगावच्या एका व्यापाऱ्याने, मुदतीस पंधरा दिवस शिल्लक असताना, बाकीची चौकशी केली. पत ही आपल्या व्यवसायात किती नाजूक वस्तू आहे, हे वाचकांना सांगावयास नको. रक्कम त्याच दिवशी पाठविली. पण पुढील तीन दिवस मी मुकाट्याने मोटारसायकलच काढली, हेही कबूल करतो.

चौथा दिवस गुरुवारचा. वटवृक्ष मंदिराकडील रस्ते स्वामीभक्तांच्या गर्दीने भरलेले, चारचाकी जागच्या जागी खोळंबलेल्या. मी गोदामातून सायकल काढली, कॅरियरवर वह्यांची पिशवी बांधली आणि घंटी वाजवीत वेळेवर दुकानी पोहोचलो. त्यानंतर ती पुन्हा आत ठेवलेली नाही. मागील ब्रेक अजून थोडा करकरतो. मिस्त्री रविवारी पाहतो म्हणाला आहे.