मुठीतला खेळ आणि मुठीतले दुकान

दिवाळीच्या सुट्टीत घरोघरी जे वाद हमखास झडतात, त्यांत अलीकडे एकाची भर पडली आहे. घरातले दहा-बारा वर्षांचे पोर हातातल्या यंत्रावर डोळे लावून अंगठे हलवीत बसते आणि बघता बघता पंचायत भरते. आजी म्हणते, ‘काय मेलं एवढं त्या डबीत ठेवलंय?’ टीव्हीला मोठे यंत्र जोडून खेळणारा कॉलेजातला आत्तेभाऊ नाक मुरडतो, ‘एवढ्याशा पडद्यावर कसली आलीय मजा? खेळायचं तर मोठ्या पडद्यावर!’ बाबा मात्र गप्प असतात; कारण त्यांच्या हातातल्या फोनवर रंगीत गोळ्यांच्या ओळी जुळविणे चालू असते.

या तिन्ही पक्षांशी माझे भांडण आहे. आजीशी थोडे, आत्तेभावाशी बरेच आणि बाबांशी सर्वांत जास्त. ज्यासाठी मुद्दाम बनविलेले, खिशात किंवा दप्तरात मावणारे यंत्र असते, तो हातात धरून खेळायचा संगणकी खेळ ही मोठी गोड वस्तू आहे. तिची गोडी तिच्या लहानपणातच आहे. आणि तिला जी बदनामी चिकटली आहे, ती तिच्या शेजारी बिऱ्हाड करून राहिलेल्या एका भलत्याच धंद्याची आहे. एवढेच मला सांगायचे आहे.

प्रथम आजीचा आक्षेप घेऊ. खेळ अंगणात असतो, डबीत नसतो, असे तिला म्हणायचे आहे. अंगणातल्या खेळाची बरोबरी डबी करू शकणार नाही, हे मी विनातक्रार मान्य करतो. मुलांनी उन्हात पळावे, पडावे, गुडघे फोडून घ्यावेत. पण खेळ जवळ बाळगून हिंडणे हे काही जपानी लोकांनी आपल्याला शिकविलेले नाही. गोट्या कुठे असत? चड्डीच्या खिशात. भोवरा आणि त्याची दोरी? दुसऱ्या खिशात. आजीचे स्वतःचे सागरगोटे तिच्या ओच्यात असत. सावंतवाडीची ती देखणी गोल गंजिफा हातात धरूनच खेळायची आणि मुंबईच्या लोकलमध्ये मांडीवर ब्रीफकेस आडवी ठेवून पत्ते कुटणाऱ्यांना बेशिस्त पोरे म्हणण्याची कोणाची छाती झाली नाही. काम आणि काम यांच्यामध्ये सापडलेल्या वीस मिनिटांत खेळून घेणे ही माणसाची फार जुनी खोड आहे.

या बाबतीत एक मौजेची गोष्ट अशी, की ज्या निन्टेंडो कंपनीने हातातले संगणकी खेळ जगभर नेले, ती मुळात पत्ते बनविणारी कंपनी. १८८९ साली जपानातल्या क्योटो शहरात ती निघाली ती ‘हानाफुदा’ नावाचे, बारा महिन्यांच्या झाडाफुलांची चित्रे असलेले ४८ पत्ते तयार करण्यासाठी. पुढे नव्वद वर्षांनी, १९८० साली, याच कंपनीतल्या गुनपेई योकोई या गृहस्थांनी ‘गेम अँड वॉच’ नावाची चपटी यंत्रे काढली. आगगाडीत कंटाळलेला एक प्रवासी कॅल्क्युलेटरची बटणे उगाच दाबीत बसलेला पाहून योकोईंना ही कल्पना सुचली, असे सांगतात. यंत्राचा पडदाही कॅल्क्युलेटरच्याच जातीचा होता. तेव्हा आजीला एवढेच सांगावे, की ही डबी तिच्या पत्त्यांच्या जोडाची धाकटी बहीण आहे. परदेशात वाढली म्हणून परकी झाली नाही.

आता आत्तेभाऊ. याचे म्हणणे असे, की पडदा जेवढा मोठा तेवढी मजा मोठी. हे ऐकायला इतके सरळ वाटते, की ते खरेच असले पाहिजे असा समज होतो. परंतु याचा निकाल पूर्वीच लागून गेला आहे. १९८९ साली योकोईंच्या विभागाने ‘गेम बॉय’ नावाचे यंत्र काढले. त्याचा पडदा चार बोटांचाही नव्हता, त्यावर आडवे १६० आणि उभे १४४ एवढेच ठिपके होते. रंग म्हणाल तर हिरवट-करड्याच्या चार छटा. आत दिवा नाही, त्यामुळे संध्याकाळ झाली की खिडकीशी किंवा दिव्याखाली जाऊन बसायचे. त्याच वर्षी अटारी कंपनीचे ‘लिंक्स’ आणि पुढच्या वर्षी सेगा कंपनीचे ‘गेम गिअर’ बाजारात उतरले. दोन्हींचा पडदा रंगीत, आतून उजळलेला. शेजारी शेजारी ठेवले असते तर गेम बॉयकडे कोणी ढुंकूनही पाहिले नसते, असे आत्तेभाऊ शपथेवर सांगेल.

झाले उलटेच. गेम बॉय आणि त्याचा रंगीत भाऊ मिळून ११ कोटी ८६ लाखांहून अधिक यंत्रे खपली. गेम गिअर एक कोटीच्या आसपास थांबले आणि लिंक्स तिथवरही पोहोचले नाही. कारण साधे होते. गेम बॉयला चार पेन्सिल सेल लागत आणि ते दहा-पंधरा तास सहज चालत. रंगीत यंत्रांना सहा सेल लागत आणि चार-पाच तासांत त्यांचा ग्रंथ आटोपे. शिवाय लिंक्सची किंमत जवळजवळ दुप्पट. प्रवासात निम्म्या वाटेवर मरणारे यंत्र कितीही रंगीत असले, तरी त्याचा उपयोग काय? योकोईंचे सूत्रच असे होते, की जे तंत्र जुने झाले आहे, स्वस्त झाले आहे, ज्याच्या सगळ्या खोड्या माहीत झाल्या आहेत, त्याचाच नव्या तऱ्हेने उपयोग करावा. आपल्याकडच्या कुठल्याही काटकसरी गृहिणीला हे तत्त्व समजावून सांगावे लागणार नाही. शिळ्या पोळीचा कुस्करा करणारीला ते उपजतच ठाऊक असते.

पण नुसत्या सेलांनी काही मुले वेडी होत नाहीत. खेळही चांगला लागतो. अमेरिकेत गेम बॉयबरोबर मिळे तो ‘टेट्रिस’. मॉस्कोतल्या विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात काम करणाऱ्या अलेक्सेई पाजित्नोव यांनी तो १९८४ साली रचला. चार चार चौकोनांच्या सात आकृत्या वरून पडतात, त्या फिरवून, सरकवून खाली आडवी ओळ भरायची. ओळ भरली की ती नाहीशी होते. एवढाच खेळ! तो भिंतीएवढ्या पडद्यावर दाखविला तर त्यात कशाची भर पडणार आहे? बुद्धिबळाचा पट सतरंजीएवढा केला म्हणून घोडा काही अडीच घरांऐवजी साडेतीन घरे चालत नाही. १९९३ साली रशियन अंतराळवीर अलेक्सांद्र सेरेब्रोव यांनी हेच यंत्र टेट्रिससकट ‘मीर’ अंतराळस्थानकावर नेले. पृथ्वी खिडकीतून दिसत असताना ज्याला हा पडदा पुरला, त्याच्यापुढे आपल्या दिवाणखान्यातल्या टीव्हीची काय मातब्बरी?

आपल्याकडे गेम बॉय थोड्यांच्याच घरी आला. पण टेट्रिस आला. १९९०च्या दशकात जत्रांतून, स्थानकाबाहेरच्या गाड्यांवरून ‘ब्रिक गेम’ नावाची यंत्रे मिळत. वेष्टनावर ‘९९९९ इन १’ असे बेधडक छापलेले असे. प्रत्यक्षात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके खेळ आणि बाकी सगळी त्यांचीच सोंगे. पडद्यावर दहा घरे आडवी, वीस घरे उभी. तरी एस.टी.च्या लांबच्या प्रवासात त्या यंत्राने किती भावंडांची भांडणे लावली आणि मिटविली, ते त्या पिढीला विचारावे. ‘तू हरलास की माझा नंबर’ हा कायदा कोणी शिकवावा लागला नाही.

हातातल्या खेळाचे खरे मर्म इथेच आहे. तो मध्येच थांबविता येतो आणि दुसऱ्याच्या हातात देता येतो. २००४ साली निघालेल्या निन्टेंडो डीएसचे झाकण पुस्तकासारखे मिटले की यंत्र झोपी जाई, उघडले की खेळ होता तिथून पुढे सुरू. आईने पानावर बोलावले, स्टेशन आले, वर्गाची घंटा झाली, मिटा झाकण. मोठ्या पडद्याचा खेळ म्हणजे बैठकीचे गाणे: त्याला वेळ हवा, जागा हवी आणि घरातल्या बाकीच्यांनी मालिका सोडून उठावे लागते. त्याचे वैभव मी नाकारीत नाही. पण खुद्द यंत्रे करणाऱ्यांनीच आता हातातल्या खेळाचा पक्ष घेतला आहे. २०१७ साली आलेला ‘स्विच’ टीव्हीलाही जोडता येतो आणि उचलून गच्चीवरही नेता येतो. २०२२ साली आलेल्या ‘स्टीम डेक’ने टेबलावरच्या संगणकाचे खेळ हातात आणून ठेवले. आत्तेभावाने आता रुसावे कोणावर?

मूल एकलकोंडे होते, हा आक्षेप राहिला. त्याला उत्तर ‘पोकेमॉन’ने दिले आहे. सातोशी ताजिरी यांना लहानपणी किडे गोळा करण्याचा नाद होता. त्या नादातून त्यांनी १९९६ साली हा खेळ गेम बॉयसाठी केला. त्याच्या दोन आवृत्त्या निघाल्या, लाल आणि हिरवी, आणि काही प्राणी एकीतच मिळत, दुसरीत नाहीत. संग्रह पुरा करायचा तर दुसऱ्या मुलाला गाठून दोन यंत्रे तारेने जोडावी लागत आणि ती तार आखूडच असल्यामुळे मुलांना गुडघ्याला गुडघा लावून बसावे लागे. क्रिकेटपटूंची चित्रे अदलाबदल करणाऱ्या मुलांचाच हा उद्योग.

मग वाईट काय आहे? आता बाबांच्या फोनकडे वळू.

गेम बॉयचा खेळ एका कॅसेटमध्ये असे. ती एकदा विकत घेतली की व्यवहार संपला. पुढे मुलाने ती रोज दहा मिनिटे खेळली काय किंवा कपाटात टाकली काय, बनविणाऱ्याला त्याचा मोबदला मिळून चुकलेला असे. त्याचा स्वार्थ एकाच गोष्टीत होता: खेळ इतका चांगला करायचा, की त्याची पुढची कॅसेटही घ्यावीशी वाटावी. फोनवरचा ‘फुकट’ खेळ याच्या अगदी उलट चालतो. तो फुकट असल्यामुळेच त्याला आपल्याला उठू देणे परवडत नाही. जाहिराती पाहाव्यात, रुपया-दोन रुपये टाकावेत, उद्या पुन्हा यावे, यावरच त्याचे पोट. २०१२ साली आलेल्या ‘कँडी क्रश’ची रीत पाहा. पाच जीव मिळतात. ते संपले की अर्ध्या अर्ध्या तासाने एकेक परत येतो. तेवढा धीर नसेल तर पैसे मोजा. म्हणजे आधी भूक लावायची, मग ताट काढून घ्यायचे आणि ते परत देण्याचा दर सांगायचा! याच जातीचे दुसरे सोंग म्हणजे पैसे देऊन बंद पेटी घ्यायची आणि आत काय निघते ते नशिबावर. बेल्जियमने २०१८ साली काही खेळांतल्या अशा पेट्यांना जुगार ठरविले. आपल्या संसदेनेही ऑगस्ट २०२५मध्ये कायदा करून, पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांना मनाई केली आणि निव्वळ करमणुकीचे खेळ त्यातून वेगळे ठेवले. कायद्याला जो भेद करता येतो, तो घरच्या कर्त्या माणसांना करता येऊ नये?

फोनवरचा प्रत्येक खेळ वाईट असे मी म्हणत नाही. १९९७ पासून नोकियाच्या फोनवर असलेल्या सापाने कोणाकडे एक पैसा मागितला नाही. उलट, नव्या हातातल्या यंत्रांतही दुकानाची दारे उघडलेली आहेत, हे आईबापांनी डोळ्याआड करू नये. शिवाय ही यंत्रे स्वस्त नाहीत, हेही खरे. म्हणून यंत्राच्या नावावर जाऊ नये. खेळ घेताना तीन प्रश्न विचारावेत. याचे दाम एकदा देऊन झाले, की हा रोज हात पसरणार? हाक आली की हा थांबतो, की थांबल्याबद्दल शिक्षा करतो? आणि हा धाकट्या बहिणीच्या हातात देता येतो का? तिन्ही उत्तरे मनासारखी आली, तर ती डबी सागरगोट्यांच्या कुळातली समजून खुशाल घरात घ्यावी आणि एखादा डाव आपणही खेळून पाहावा.

आपल्याकडे मात्र उलटा न्याय चालतो. पोराने खेळाचे यंत्र मागितले की ‘नादाला लागेल’ म्हणून नकार मिळतो आणि ते रडू नये म्हणून त्याच हातात फोन दिला जातो. खेळ नाकारून दुकान हातात द्यायचे आणि वर पोराला खेळाचे व्यसन लागले म्हणून ओरड करायची, याला काय म्हणावे? मुलांना चांगले खेळणे मिळण्याचा हक्क आहे. आणि चांगल्या खेळण्याची खूण अशी, की त्याचे मन भरले म्हणजे मूल आपण होऊन ते खाली ठेवते.