समजलं का? होऽऽऽ!

‘समजलं का?’ हा वर्गातला सगळ्यात निकामी प्रश्न आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. साठ मुलं एका सुरात ‘होऽऽऽ’ म्हणतात, सर फळा पुसतात, आणि कुणाला काय समजलं ते थेट सहामाहीच्या पेपरात कळतं!

आमच्या धंद्यातलाच दाखला देतो. बग सापडला म्हणून सांगायला येणाऱ्यालाच बोलणी बसायला लागली, तर बग संपत नाहीत, फक्त कळायचे बंद होतात. वर्गाचंही तसंच. मुलाचं चुकीचं उत्तर म्हणजे मास्तरांना फुकटात मिळालेली माहिती. ती द्यायला मूल धजेल कधी? तर चुकल्यावर आपलं काय होणार हे त्याला आधीपासून ठाऊक असेल तेव्हा. विश्वास म्हणजे माझ्या लेखी एवढंच. त्यासाठी सरांनी विनोद सांगायला नकोत, की मुलांचा ‘फ्रेंड’ व्हायला नको.

नेहमीचंच गणित घ्या. १/२ अधिक १/३ किती? बरीच मुलं म्हणतात २/५. वरचे वरच्यात, खालचे खालच्यात. यात आळस नाही, एक पद्धत आहे. फक्त चुकीची आहे. ‘बस खाली, पुढचा सांग’ म्हटलं की ती तशीच डोक्यात राहते. त्याऐवजी ‘कसं काढलंस?’ विचारा. मग म्हणा, अर्धी भाकरी खाल्लीस, वर आणखी एक तृतीयांश खाल्लीस, तर सगळी मिळून अर्ध्याहून कमी कशी भरली? आता गोम अशी, की ‘कसं काढलंस?’ हे बरोबर उत्तरालाही विचारायला हवं. नाहीतर पोरं बेरकी असतात, दोन दिवसांत ओळखतात की सरांनी ‘कसं’ विचारलं म्हणजे आपलं चुकलं. आणि लगेच उत्तर बदलतात :-)

शिक्षण हक्क कायदा २०१० मध्ये लागू झाला. त्याच्या १७व्या कलमानं शाळेत मारायला बंदी आहे, तशीच मानसिक त्रास द्यायलाही. छडी उचलताना निदान हात तरी अडखळतो. जिभेचं काय? ‘ताटलीतलं पाणी कुठे गेलं?’ ‘सर, पानी उडून गेलं.’ ‘पानी नाही, पाणी म्हण!’ संपलं. बाष्पीभवन बरोबर सांगणारं पोर आता वर्षभर तोंड उघडत नाही. बोर्डी-कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांसाठी शाळाच त्यांच्या पाड्यावर नेली, गुरं राखणाऱ्यांसाठी कुरणशाळा काढली. आपल्याला एका ‘न’पुरतीही वाट वाकडी करवत नाही!

असो. कुणी म्हणेल, साठ मुलं, पस्तीस मिनिटं, पोर्शन कसा संपायचा? खरंय. रोज प्रत्येकाला विचारणं जमणार नाही. पण तासाला दोघांनाच विचारलंत तरी उरलेले अठ्ठावन्न बघत असतात, त्या दोघांचं पुढे काय होतं ते.