यंत्राचे पाहा, मुलाचेही ऐका

मधुमेह म्हणजे मोठ्या माणसांचा आजार, असा आपल्या गोडादऱ्यात अजूनही समज आहे. टाइप-१ मधुमेह लहान मुलांनाही होतो, आणि तो गोड खाल्ल्याने होत नाही. अशा मुलांना रोज इन्सुलिन घ्यावे लागते.

आता दंडावर लावायचा सेन्सर मिळतो. काही सेन्सर १४ दिवस चालतात व साखरेचा आकडा मोबाइलवर दाखवतात. वारंवार बोट टोचणे वाचते, ही मोठी सोय आहे. मात्र सेन्सर रक्तातली नव्हे, त्वचेखालच्या द्रवातली साखर मोजतो. म्हणून खेळताना किंवा जेवणानंतर साखर झपाट्याने बदलली, की आकडा काही मिनिटे मागे राहतो. झोपेत दंड दाबला गेला, तर साखर उगाच कमी दिसते.

म्हणून आमचे स्पष्ट मत आहे की, आकडा ठीक असूनही मुलाला घाम येत असेल, हात थरथरत असतील, तर बोट टोचून तपासावे. ग्लुकोमीटर जवळ नसेल, तर आधी साखर द्यावी. "मशीन तर बरोबर दाखवते" म्हणून त्याला बसवून ठेवू नये.

सीबीएसईने २०१७ मध्ये अशा विद्यार्थ्यांना परीक्षेत खाऊ नेण्याची परवानगी दिली. आपल्या शाळेतील मोबाइलबंदी योग्यच आहे. पण ज्याचा सेन्सर मोबाइलवर चालतो त्याला सवलत मिळावी, आणि कार्यालयात ग्लुकोमीटर व ग्लुकोज पावडर ठेवावी, अशी विश्वस्त मंडळास आमची नम्र विनंती आहे.

विद्यार्थी मित्रांनो, असा सोबती तासाला काही खाऊ लागला तर हसू नका. त्या वेळी तेच त्याचे औषध असते.