शिबिरातून धम्म घरी जावा, आजार नव्हे

फेब्रुवारी २०२१ च्या अखेरीस वाशिम जिल्ह्याचे नाव देशभरच्या बातम्यांत आले. रिसोड तालुक्यातील देगाव येथील एका निवासी शाळेच्या वसतिगृहात २२९ विद्यार्थी आणि काही कर्मचारी कोरोनाबाधित आढळले. त्यांतील बहुतेक मुले अमरावती आणि यवतमाळ जिल्ह्यांतून आलेली होती. अमरावतीत त्याच दिवसांत रुग्णसंख्या झपाट्याने वाढत होती. वेगवेगळ्या गावांची मुले एका छताखाली राहिली, जेवली, झोपली आणि आजार हातोहात पसरला.

कोरोनाची ती लाट ओसरली, पण देगावचा धडा आपल्या कामाचा आहे. श्रामणेर शिबिर, बालसंस्कार शिबिर, समता सैनिक दलाचे प्रशिक्षण, दीक्षाभूमी, चैत्यभूमी किंवा अजिंठा-वेरूळची सहल या सगळ्यांत आपण नेमके हेच करतो. रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा, वाशिम अशा तालुक्यांतून मुले एका विहारात येतात, एका सतरंजीवर झोपतात, एकाच टाकीचे पाणी पितात आणि मग आपापल्या गावी परततात. ज्या वाटेने विचार गावोगाव पोहोचतो, त्याच वाटेने आजारही पोहोचतो.

कोरोना नसला तरी फ्लू, गालगुंड, खरूज आहेच. २०२३ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रभर डोळ्यांची साथ आली होती. दूषित पाण्यातून होणारे टायफॉइड आणि कावीळ तर लगेच दिसतच नाहीत. टायफॉइडची लक्षणे बहुधा एक ते तीन आठवड्यांनी दिसतात, तर 'अ' प्रकारची कावीळ दिसायला महिनाही लागतो. तोपर्यंत समारोप झालेला असतो, मंडप उतरलेला असतो. मूल गावात आजारी पडते आणि त्याचा शिबिराशी संबंध कुणाच्या लक्षातच येत नाही.

पाण्याचा प्रश्न आपल्याला नवा नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी प्यायले, तो माणूस म्हणून हक्काचा लढा होता. हक्क मिळालेले पाणी शुद्ध आहे की नाही, हे पाहणे आता आपले काम आहे. भिक्खूच्या अष्टपरिष्कारांत पाणी गाळण्याचे साधन असते. मात्र नुसत्या फडक्याने गाळल्याने जंतू मरत नाहीत. पाणी उकळावे किंवा त्यात क्लोरीनचे औषध योग्य प्रमाणात टाकावे. ग्रामपंचायतीकडे टीसीएल पावडर असते. टाकी धुऊन घेतली का, पावडर टाकली का, हे शिबिर सुरू होण्याआधी जाऊन विचारले पाहिजे.

दुसरा मुद्दा अधिक नाजूक आहे. आजारी मुलाला वेगळे ठेवावे लागते, आणि 'वेगळे ठेवणे' या शब्दांची जखम आपल्या समाजाइतकी कुणाला माहीत असेल? कोरोनाच्या काळात 'सामाजिक अंतर' हा शब्द आपल्याला खटकला, तो याचमुळे. म्हणून वेगळ्या खोलीत ठेवलेल्या मुलाजवळ मास्क लावलेला एक कार्यकर्ता सतत हवा. त्याचे जेवण वेळेवर जावे आणि त्याची चेष्टा होऊ नये. ताप लपवणारे मूल बहुधा चेष्टेला किंवा घरी पाठवले जाण्याला घाबरलेले असते.

विनयपिटकातील महावग्गात अतिसाराने आजारी पडलेल्या भिक्खूची गोष्ट आहे. तो स्वतःच्या मलमूत्रात पडून होता आणि कुणी त्याच्याकडे पाहत नव्हते. भगवंतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले, दोघांनी मिळून त्याला स्वच्छ केले आणि खाटेवर निजवले. मग संघाला बजावले की आजाऱ्याची सेवा हीच माझी सेवा. सावित्रीबाई फुले १८९७ मध्ये प्लेगच्या रुग्णांची सेवा करतानाच गेल्या. हा वारसा सांगणाऱ्यांच्या शिबिरात आजारी मूल कोपऱ्यात एकटे पडून राहता कामा नये.

प्रत्येक आयोजक मंडळाने एवढे तरी करावे:

१. नोंदणीच्या वेळी ताप, जुलाब, खोकला, पुरळ आहे का ते विचारावे. आजारी मुलाला पुढच्या शिबिरात जागा राखून ठेवावी, म्हणजे पालक खरे सांगतील.

२. जेवणापूर्वी आणि शौचालयानंतर साबण मिळालाच पाहिजे. स्वयंपाक करणाऱ्यांना जुलाब किंवा ताप असेल तर त्या दिवशी त्यांना विश्रांती द्यावी. सकाळचा भात संध्याकाळी वाढू नये.

३. झोपण्याच्या हॉलच्या खिडक्या उघड्या ठेवाव्यात, पावसाळ्यात मच्छरदाणी लावावी. टॉवेल आणि ग्लास ज्याचा त्याचा असावा.

४. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राला तारखा आधी कळवाव्यात. ओआरएसची पाकिटे जवळ ठेवावीत आणि १०८ क्रमांक भिंतीवर लिहावा.

५. गाव आणि फोनसह मुलांची यादी किमान दोन महिने जपावी. एका मुलाला कावीळ झाली, तर बाकीच्यांच्या घरी त्याच दिवशी निरोप गेला पाहिजे.

यासाठी मोठी देणगी लागत नाही, जबाबदारी घेणारा एक माणूस लागतो. व्यासपीठ, ध्वनिक्षेपक आणि भोजन यांच्या समित्या आपण नेमतोच, तशी आरोग्य समितीही नेमू या. आपल्या शिबिरात येणारी अनेक मुले शेतमजुरांची आहेत. मूल आजारी पडले की आईची मजुरी बुडते आणि खाजगी दवाखान्याचे बिल कर्जात ढकलते. असा अनुभव आलेले पालक पुढच्या वर्षी मूल पाठवत नाहीत, आणि मुलीला तर नाहीच. ती मुलगी शिबिरात येत राहावी असे वाटत असेल, तर पहिल्या वंदनेच्या आधी पाण्याची टाकी तपासू या.