क्वांटम ही करामत नव्हे

‘क्वांटम’ हा शब्द आजकाल कशालाही चिकटवता येतो. गळ्यात घालायच्या लॉकेटला, ‘हीलिंग’च्या शिबिराला, यशाचा मंत्र देणाऱ्या पुस्तकाला. आता त्यात कलेची भर पडली आहे. मोठा अंधारा हॉल, चारही भिंतींवर आणि जमिनीवर प्रोजेक्टरचे झोत, छातीत घुमणारा आवाज आणि मधोमध उभा केलेला प्रेक्षक. याला ‘इमर्सिव्ह’ कला म्हणतात. इथे आपण चित्रासमोर उभे राहत नाही, चित्राच्या पोटात जातो. मुंबईने हा प्रकार २०२३च्या सुरुवातीला कफ परेडच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये पाहिला. तेव्हा भिंतींवर व्हॅन गॉगची सूर्यफुले आणि तारे फिरत होते. परदेशात याच तंत्राने क्वांटम भौतिकीवरच्या कलाकृती दाखवल्या जात आहेत. संयुक्त राष्ट्रांनी २०२५ हे क्वांटम विज्ञान आणि तंत्रज्ञानाचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केले होते, त्यामुळे या कामांकडे आणखी लक्ष गेले. ही लाट आपल्याकडे यायला वेळ लागणार नाही. आमच्या मालाडचे मॉल अशा खेळांना जागा द्यायला कधीही तयार असतात. म्हणून ती येण्याआधीच काही गोष्टी स्पष्ट बोलल्या पाहिजेत.

माझा विरोध कलेला नाही, प्रकाश-आवाजाच्या खेळालाही नाही. माझा विरोध एका फसवणुकीला आहे. विज्ञानाचा दबदबा उसना घ्यायचा, त्यातला पुरावा बाहेर ठेवायचा आणि उरलेले गूढ तिकीट लावून विकायचे, ही ती फसवणूक. दर्ग्याच्या दारात बसलेला ढोंगी बाबा हेच करतो. तो करामत दाखवतो, पण ती कशी झाली हे विचारू देत नाही. त्याला तुमचा सवाल नको असतो, तुमची अकीदत हवी असते.

शब्द काढून पाहा

खरे-खोटे ओळखायला एक सोपी कसोटी आहे. कलाकृतीच्या माहितीतून ‘क्वांटम’ हा शब्द काढून टाका आणि काय बदलले ते पाहा.

रेफिक अनादोल या कलाकाराचे ‘क्वांटम मेमरीज’ हे काम २०२० साली मेलबर्नच्या नॅशनल गॅलरी ऑफ व्हिक्टोरियामध्ये लागले. निसर्गाची सुमारे २० कोटी छायाचित्रे संगणकाला शिकवून आणि गूगलच्या क्वांटम संगणनाच्या संशोधनातली माहिती वापरून ते बनवले होते. भल्यामोठ्या पडद्यावर रंगांच्या लाटा उसळत राहतात. डोळ्यांना ते सुखावते, यात शंका नाही. पण ती लाट क्वांटम यंत्रातून आली की साध्या संगणकातून, हे समोर उभ्या माणसाला बघून कळण्याचा काही मार्ग नाही. शब्द काढला तरी लाट तशीच उसळेल.

दुसरीकडे लिबी हीनी. या बाई मुळात क्वांटम भौतिकीत संशोधन केलेल्या शास्त्रज्ञ, नंतर कलाकार झाल्या. त्यांचे ‘एन्ट-’ हे काम २०२२ साली बर्लिनमध्ये दाखवले गेले. त्यांना विषय आतून ठाऊक आहे आणि क्वांटम संगणन हे त्यांच्या हातातले हत्यार आहे. इथे नाते जास्त खरे आहे. तरीही हॉलमधल्या सामान्य माणसाने जाताना सोबत काय न्यावे, हा प्रश्न उरतोच.

या कसोटीला पूर्ण उतरणारे दृश्य मला एकच ठाऊक आहे आणि ते कुठल्या कलाकाराने केलेले नाही. जपानमध्ये हिताची कंपनीच्या प्रयोगशाळेत अकिरा तोनोमुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. इलेक्ट्रॉन इतके विरळ सोडले की एका वेळी यंत्रात जवळपास एकच असावा. पडद्यावर एक ठिपका उमटतो. मग दुसरा, भलतीकडेच. मग तिसरा. बराच वेळ नुसता पसारा दिसतो, कोणीतरी मूठभर राई उधळावी तसा. ठिपके हजारोंनी वाढले की त्याच पसाऱ्यातून उभे पट्टे दिसू लागतात, गडद आणि फिके, आलटून पालटून. एकेकटा आलेला प्रत्येक इलेक्ट्रॉन कणासारखा एकाच जागी पडतो आणि सगळे मिळून लाटेची नक्षी काढतात. या चित्रफितीला संगीत नाही, रंग नाहीत. पण यातून क्वांटम काढा, काहीच उरत नाही.

क्वांटमचे नवल असे मोजलेले नवल आहे. मोजमाप काढून घेतले की त्याची जादू होते, आणि जादू आपल्याकडे आधीच भरपूर आहे.

प्रोजेक्टरच्या आत बघा

या तमाशातली सगळ्यात मोठी गंमत वेगळीच आहे. भिंतीवर क्वांटमच्या नावाने जे दिसते त्यापेक्षा जास्त क्वांटम छताला टांगलेल्या प्रोजेक्टरमध्ये असते. लेसर असो की एलईडी, दोन्ही क्वांटम भौतिकीशिवाय बनलेच नसते. तुम्ही ज्या मोबाइलने त्या भिंतीचा फोटो काढता, त्याचा कॅमेराही. पण हे सांगणारी एक ओळ हॉलमध्ये लावावी, असे कोणाला वाटत नाही. कारण ती वाचली की गूढ उतरते आणि समज चढते.

मालवणीत ईद-ए-मिलादच्या आधी गल्लीगल्लीत लायटिंग लागते. आमच्या बाजूची पोरे दरवर्षी जुन्या माळा दुरुस्त करत बसतात. त्यांना एक गोष्ट अनुभवाने माहीत असते. एकाच रेझिस्टरवर लाल आणि निळा एलईडी शेजारीशेजारी जोडला, तर लाल पेटतो आणि निळा मेल्यासारखा बसतो. निळा खराब नसतो. लाल एलईडीला साधारण दोन व्होल्ट पुरतात, निळ्याला तीनच्या आसपास लागतात. लाल पेटला की तो व्होल्टेज दोनच्या वर चढू देत नाही, मग निळ्याच्या वाट्याला पुरेसे येतच नाही.

असे का? एलईडीमध्ये इलेक्ट्रॉन वरच्या पायरीवरून खालच्या पायरीवर उतरतो आणि उतरताना प्रकाशाचा एक कण सोडतो. पायरी जितकी उंच, तितकी कणाची ऊर्जा जास्त आणि रंग तितका निळ्याकडे झुकलेला. ऊर्जा आणि रंग यांना जोडणारा आकडा म्हणजे प्लँकचा स्थिरांक. १९०० साली माक्स प्लँक यांनी तो मांडला आणि तिथून क्वांटमची गोष्ट सुरू झाली. वेगवेगळ्या रंगांचे चार एलईडी, एक मल्टीमीटर आणि आलेखाचा कागद एवढ्यावर हा आकडा ढोबळपणे काढता येतो. जो आकडा विश्वाच्या मुळाशी आहे, तो मालवणीच्या पोराच्या हातातल्या माळेत आहे. फक्त त्याला हे कोणी सांगितलेले नाही. उद्या तिकीट काढून तोच पोरगा अंधाऱ्या हॉलमध्ये गेला, तर तिथेही कोणी सांगणार नाही. खरा अन्याय हा आहे.

आपल्या घरातली दुकानदारी

आता थोडे आपल्या घरात. ‘क्वांटम फिजिक्सने आज जे शोधले ते आपल्याकडे चौदाशे वर्षांपूर्वीच सांगितले होते’, अशा चित्रफिती मोबाइलवर सतत फिरतात. मागे आकाशगंगा फिरतेय, आवाजाला प्रतिध्वनी दिलाय, मधूनच एखादे न कळणारे समीकरण. नीट पाहिले तर हाही इमर्सिव्ह खेळच आहे, फक्त पडदा हातातला. शेजारच्या घरात हाच खेळ वेदांच्या नावाने चालतो. मजकूर वेगळा, साचा तोच.

ईमानला भौतिकीच्या दाखल्याची गरज नाही. आणि ज्यांना तो दाखला हवाच आहे, त्यांनी एका प्रश्नाचे उत्तर द्यावे. विज्ञानाचा सिद्धान्त उद्या बदलला, तर तुम्ही आयतीचा अर्थही बदलणार का? कुरआनने माणसाकडे तफक्कुर मागितला आहे, म्हणजे विचार करणे. फॉरवर्ड करणे म्हणजे तफक्कुर नव्हे.

या चित्रफितींमध्ये इब्न अल-हैसमचे नाव हमखास येते. बसऱ्यात जन्मलेल्या आणि कैरोत काम केलेल्या या माणसाने हजार वर्षांपूर्वी काय केले, ते मात्र कोणी दाखवत नाही. त्याचाही एक अंधारा हॉल होता. खोलीत अंधार, भिंतीला छोटे छिद्र, बाहेर ओळीने दिवे. आत समोरच्या भिंतीवर प्रत्येक दिव्याचा वेगळा डाग पडतो. एक दिवा झाका, त्याचाच डाग जातो, बाकीचे जागेवर राहतात. म्हणजे छिद्रातून जाताना प्रकाशाची भेसळ होत नाही आणि तो सरळ रेषेत जातो. त्या अंधारात माणसाला गुंग करायचे नव्हते, काही तपासायचे होते. याच माणसाने टॉलेमीसारख्या थोराच्या ग्रंथांवर शंकांचे एक पुस्तकच लिहिले. त्याच्या नावावर छाती फुगवणाऱ्यांनी मोहल्ल्यात असा एकतरी अंधारा वर्ग भरवला आहे का?

आणि अब्दुस सलाम? मूलभूत बलांच्या क्वांटम सिद्धान्तासाठी १९७९ साली नोबेल मिळवणारा, स्वतःला मुसलमान म्हणवणारा शास्त्रज्ञ. ते अहमदी होते. पाकिस्तानने १९७४ साली घटना बदलून अहमदियांना गैरमुस्लिम ठरवले आणि सलाम यांच्या कबरीच्या दगडावरचा ‘मुस्लिम’ हा शब्दही पुसला गेला. आयतींमध्ये क्वांटम शोधणाऱ्यांना हाडामांसाचा क्वांटम शास्त्रज्ञ सोसला नाही.

कला शिकवणी घेत नाही, मान्य

यावर कलावंत मित्र म्हणतील, कलेचा शाळेचा वर्ग करू नका. आधी विस्मय वाटू द्या, समज मागून येईल. मुद्दा अर्धा खरा आहे. विस्मय हवाच. पण विस्मय हे दार आहे. दाराच्या मागे खोलीच बांधली नसेल, तर ते दार नव्हे, नुसता देखावा.

कला आणि भौतिकी एका छताखाली इमानाने कशी नांदतात, याचे उदाहरण आपल्याच शहरात आहे. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होमी भाभांनी चित्रांचा मोठा संग्रह उभा केला. संस्थेच्या निधीतला एक टक्का कलेवर खर्च करण्यासाठी त्यांनी पंतप्रधान नेहरूंची संमती मिळवली. तिथल्या दर्शनी दालनातले ‘भारत भाग्यविधाता’ हे प्रचंड भित्तिचित्र मकबूल फिदा हुसेन यांचे आहे. पंढरपुरात जन्मलेला, मुंबईत सिनेमाची पोस्टरे रंगवून पोट भरलेला हा माणूस. त्या चित्राने कधी ‘मी अणू समजावतो’ असा दावा केला नाही. शेजारच्या खोल्यांत भौतिकी होती, भिंतीवर चित्र होते आणि दोघांनी एकमेकांचे नाव चोरले नाही. त्याच हुसेनना २००६ साली हा देश सोडावा लागला आणि २०११ साली लंडनमध्ये ते गेले, हेही विसरू नये.

आणि मालाड? प्रकाश-आवाजाचा खेळ आम्हाला नवा नाही. १९३४ साली उभी राहिलेली बॉम्बे टॉकीज मालाडचीच. तिथे जर्मन तंत्रज्ञ होते आणि त्यांच्या हाताखाली इथली तरुण मंडळी कॅमेरा, ध्वनी, प्रयोगशाळा शिकली. अशोक कुमार तिथे आधी लॅबमध्ये कामाला होते. युसुफ खानचा दिलीप कुमार तिथेच झाला. तिथेही मायाच बनत होती, पण ती कशी बनवायची हे शिकायची सोय होती. आजचा हॉल आमच्या पोरांना फक्त तिकिटाच्या रांगेत उभे करतो.

१४ एप्रिल

केंद्र सरकारने एप्रिल २०२३मध्ये राष्ट्रीय क्वांटम मिशनला ६,००३.६५ कोटी रुपये मंजूर केले. त्याच्या चार केंद्रांपैकी एक, सूक्ष्म मोजमापाचे, आयआयटी मुंबईत, म्हणजे आमच्याच उपनगरात पवईला आहे. भाभांचा एक टक्का इथे लावला तर साठ कोटी होतात. एवढे पैसे लोकांपर्यंत क्वांटम नेण्यासाठी बाजूला काढा, ही मागणी जास्त आहे का? कलाकारही घ्या, प्रोजेक्टरही घ्या. पण अशा प्रत्येक हॉलच्या दारात प्रेक्षकाने स्वतःच्या हाताने करायचा एक प्रयोग असू द्या आणि महापालिकेच्या शाळांतल्या मुलांना, उर्दू असो की मराठी, तिथे फुकट जाऊ द्या. सार्वजनिक पैशावर वाढणाऱ्या विज्ञानावर तिकीट परवडणाऱ्यांचाच हक्क असू शकत नाही.

जगभर १४ एप्रिल हा क्वांटम दिन म्हणून पाळतात. प्लँकच्या स्थिरांकाचे पहिले तीन आकडे ४.१४, त्यावरून चौथ्या महिन्याची चौदा तारीख घेतली आहे. आणि एलईडीच्या प्रयोगातून इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या मापात जो आकडा यायला हवा, तो हाच. त्याच दिवशी आपल्या वस्त्यांत बाबासाहेबांच्या जयंतीच्या निळ्या माळा लागलेल्या असतात. निळा एलईडी बनवायला जगाला लालनंतर कैक वर्षे लागली आणि त्या शोधाला २०१४ साली नोबेल मिळाले.

तेव्हा मोहल्ला कमिटीवाले, जयंती मंडळवाले, शाळेतले सर आणि मॅडम, सगळ्यांना माझे सांगणे आहे. येत्या १४ एप्रिलला त्या निळ्या माळेखाली एक टेबल मांडा. चार रंगांचे एलईडी, एक मल्टीमीटर, आलेखाचा कागद. मिलादच्या माळा दुरुस्त करणाऱ्या पोरांनाच शिकवायला उभे करा. आकडा थोडा चुकेल. तो का चुकला, यावर पोरे भांडतील. ते भांडण म्हणजेच विज्ञान. त्या भांडणातून उठून जी मुले क्वांटमच्या हॉलमध्ये जातील, त्यांना कोणी करामत विकू शकणार नाही.